आठवी ब चा तिसरा तास

अंबरनाथच्या त्या शाळेत बबनला सगळे मामा म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, कालपरवा नोकरीला लागलेल्या, त्याच्या पोरीच्या वयाच्या मॅडमही मामाच म्हणत. शाळेत शिपायाला मामा म्हणायची पद्धतच आहे. ऐकायला गोड, म्हणून कुणी फार विचार करत नाही. मामा म्हटलं की चहा आणायला धाडता येतं, बाक उचलायला लावता येतं, वर्गात कुणी ओकलं तर पुसायला बोलावता येतं. आणि हे सगळं करून वर आपण किती आपुलकीने वागतो याचं समाधानही पदरात पडतं.

कागदावर मात्र तो शिपाई नव्हता. त्याच्या नेमणुकीच्या पत्रात ‘प्रयोगशाळा परिचर’ असं लिहिलं होतं. परिचर म्हणजे काय, हे शाळेत कुणाला धड ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची कुणाला पडलीही नव्हती. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, लोहचुंबक मोजून कपाटात ठेवायचे. आणि प्रयोगशाळेत काम नसेल तेव्हा, म्हणजे जवळजवळ दिवसभर, शिपायाची सगळी कामं करायची. तासांची घंटाही तोच द्यायचा.

प्रयोगशाळा तरी कुठे उरली होती? तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला तिचा ‘डिजिटल कक्ष’ झाला. ओटे फोडले, नळ बुजवले, भिंतीवर पडदा लावला आणि पडद्याच्या बाजूला अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. आता प्रयोग पडद्यावर होतात. पडद्यावर काच फुटत नाही, बोट भाजत नाही, काही सांडत नाही. पोरांच्या डोक्यातही काही शिरत नाही, पण ते तपासायला कोण येतंय? प्रयोगशाळेतलं जुनं सामान जिन्याखाली टाकलं होतं. ते मोडीत काढायचा ठराव झाला होता. माणसासाठी तसा ठराव करायची गरज नव्हती. बबन एप्रिलअखेर आपोआपच निवृत्त होणार होता, आणि फेब्रुवारी अर्धा सरला होता.

त्याला एकच गोष्ट हवी होती. एक तास. पस्तीस मिनिटांचा. फळ्यापुढे उभं राहून आठवीच्या पोरांना जडत्व शिकवायचं आणि शेवटी पाण्याने भरलेली बादली डोक्यावरून गरागरा फिरवून दाखवायची. बस्स. लोक काशीला जायचं म्हणतात, विमानात बसायचं म्हणतात. बबनला आठवी हवी होती.

हे वेड दीनानाथ सरांनी लावलं. सर विज्ञान शिकवायचे. चोवीस वर्षं बबनने त्यांच्या हाताखाली काढली. जडत्वाचा तास आला की सर वर्गातून हाक मारायचे, “बबन, बादली!” मग हा बादली दोन तृतीयांश भरायचा, कमी नाही आणि जास्त नाही. कडी ओढून बघायचा. बादली सरांच्या हातात द्यायचा आणि फडकं घेऊन दाराशी उभा राहायचा. सर फिरवायचे. पोरं श्वास धरायची. बादली उलटी व्हायची, एक थेंब पडायचा नाही. टाळ्या सरांना. बादली बबनला.

चोवीस वर्षांत त्याला तो तास पाठ झाला होता. कुठे सर खडू खाली ठेवतात, कुठे मुद्दाम गप्प राहतात, कुठल्या वाक्याला मागच्या बाकावरची पोरंही माना वर करतात, सगळं. बारावी सायन्सला बबन नापास झाला होता, नाहीतर… पण या ‘नाहीतर’ला काही अर्थ नसतो. एकदा, जुन्या बादलीची कडी निखळली म्हणून, सर त्याला घेऊन उल्हासनगरला गेले होते. सरांनी दुकानातच बादली गरकन फिरवून पाहिली. गल्ल्यावरचा सिंधी शेठ ओरडला, “अरे साईं, बाल्टी है, गदा थोडी है! मेरा पंखा बचाओ!” तिघंही पोट धरून हसले. त्या हसण्याच्या भरात बबनने विचारून टाकलं, “सर, औंदा एकदा मी फिरवू का वर्गात?”

सर म्हणाले, “अरे, तुझ्या हातून सुटली तर बोलणी मला बसतील.” आणि बादली त्याच्याकडे धरायला दिली.

दीनानाथ सर वाईट माणूस नव्हता. चांगलाच होता. चांगल्या माणसांनाही काही गोष्टी सुचत नाहीत. पुढे सर निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी वारले. बबन स्मशानात गेला होता. सगळे सरांच्या आठवणी सांगत होते. याच्याकडे सगळ्यात जास्त होत्या. याला कुणी विचारलं नाही.

बदलापूरला त्याच्या घरामागे हातभर मोकळी जागा उरली होती. बाकीच्या शेतावर आता सोळा मजले उभे होते. त्या हातभर जागेत दर रविवारी सकाळी तो बादली फिरवायचा. बायको कमळाबाई भांडी घासता घासता बघायची.

“अवो, पानी येतंय दिवसाआड, आन् तुमी त्याला जत्रंतल्या पाळण्यात बसवताव?”

“एक थेंब पडत नाय गो. बघ तरी.”

“नाय पडत तर फिरवता कशाला? होता तिथंच हाय ना पानी!”

होतं तिथंच होतं खरं. तोही होता तिथंच होता.

*

त्या दिवशी विज्ञानाच्या स्वप्नाली मॅडम मतदार यादीच्या कामाला गेल्या होत्या. सरकारला शिक्षक शिकवण्यासाठी हवेत असं अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही. तिसऱ्या तासाच्या आधीच आठवी ब नुसती पेटली होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, केबिनमधूनच फर्मान सोडलं, “मामा, आठवी ब मध्ये जरा जाऊन उभे राहा. आवाज नको मला.”

उभे राहा. बबन तिसऱ्या तासाची घंटा देऊन, चहाचा ट्रे हातात तसाच घेऊन वर्गात गेला आणि उभा राहिला.

“मामा, फ्री पिरियड आहे ना? ग्राउंडवर सोडा ना, प्लीज!”

“मामा, ये समर्थ मार रहा है, बघा!”

समर्थ नावाचा उंच पोरगा बाकावर उभा राहून डस्टर झेलत होता. बबनने हात पुढे केला. डस्टर मिळाला. त्याने तो टेबलावर ठेवला, आणि त्याची नजर फळ्याकडे गेली. फळा कोरा होता. टेबलावर अर्धा खडू पडला होता.

मोठ्या बाई या दुसऱ्या मजल्यावर नव्हत्या. दीनानाथ सर कुठेच नव्हते. अडीच महिन्यांनी हाही इथे नसणार होता.

त्याने खडू उचलला आणि लिहिलं: जडत्व.

“ओ मामा! मामा शिकवणार!” समर्थने शिट्टी घातली. “चुप रे सब, नए सर आए!”

वर्ग खदखदून हसला. बबनचे कान तापले. पण हसणारा वर्ग कसा धरायचा हे त्याने चोवीस वर्षं पाहिलं होतं. त्याने आपल्या चहाच्या ट्रेमधला काचेचा ग्लास टेबलावर ठेवला. समर्थच्याच वहीचा पुठ्ठा फाडला.

“अरे मामा, मेरी वही!”

“फाटलेलीच होती. ये इकडं. नाणं हाय खिशात?”

ग्लासवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. “आता पुठ्ठ्याला टिचकी मार. जोरात. भिऊ नको. नाणं कुठं जाईल?”

“उडेल की पुठ्ठ्याबरोबर.”

“मार.”

समर्थने टिचकी मारली. पुठ्ठा खिडकीकडे भिरभिरत गेला आणि नाणं टण्णकन ग्लासात. समर्थ ग्लासात डोकावला. मग त्याने पुठ्ठा आपणहून आणला आणि परत ठेवला. परत टण्ण. तिसऱ्यांदा अर्धा वर्ग टेबलाभोवती होता.

“जे थांबलंय त्याला थांबायचंच असतं,” बबन म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. “जे चाललंय त्याला चालायचंच असतं, तेही सरळ. कुणी ढकलत नाय, ओढत नाय, तोवर आपलं हाय ते सोडत नाय. पुठ्ठा तू ढकललास. नाण्याला कोण काय बोललं? कोणीच नाय. ते जागच्या जागी राहिलं. खालचा आधार गेला, पडलं.”

“रिक्षा एकदम सुटली की आपण मागे पडतो, तेच का?” दुसऱ्या बाकावरून उन्नतीने विचारलं. बारीक, चष्मेवाली पोर. एरवी वर्गात असून नसल्यासारखी.

बबनने तिच्याकडे पाहिलं. “तेच,” तो म्हणाला. “अगदी तेच. बसा जागेवर. आलोच.”

तो धावत जिन्याखाली गेला. साठीच्या जवळ आलेला माणूस, गुडघे कुरकुरणारा, दोन जिने धावत उतरला. मोडीच्या ढिगातून बादली काढली, नळावर भरली, दोन तृतीयांश. कडी ओढून बघितली. भरली बादली घेऊन वर आला तेव्हा आठवी ब शांत बसली होती. कुणी गप्प बसवलेलं नव्हतं. वाट बघत होती.

त्याने बाक मागे सरकवायला लावले. “ही जर उलटी केली तर?”

“पाणी पडेल!” सगळी एकसुरात.

“बघू.”

आधी त्याने बादली नुसती झुलवली, मागेपुढे, मागेपुढे, आणि मग गरकन वर नेली. पहिला फेरा. एक किंकाळी. दुसरा फेरा. बादली डोक्यावर पालथी, आणि पाणी आत. तिसरा, चौथा. पोरं ओरडायची थांबली आणि नुसती बघत राहिली. बबनला खांद्यात कळ येत होती आणि ती कळ त्याला कधीच थांबू नये असं वाटत होतं. बारा फेऱ्यांनंतर त्याने हळूहळू खाली आणून बादली टेकवली. फरशी कोरडी.

“एक नंबर, मामा!”

“आता ऐका. पाण्याला सरळ जायचंय. बादली जाऊ देत नाय. बादलीलाही सरळ जायचंय, माझा हात जाऊ देत नाय. हात तिला प्रत्येक घडीला आत ओढतोय, मधे, इथं खांद्याकडे. या ओढीला म्हणतात केंद्रगामी बल. तुमच्या पुस्तकात नाय हा शब्द. आपल्या दीनानाथ सरांनी… मला सांगितलेला हाय.”

उन्नतीचा हात वर. “पण मग पाणी बादलीच्या बुडाला चिकटून राहतं ना? म्हणजे त्याला बाहेर ढकलतंय कुणीतरी. कोण?”

“कोणी नाय.”

“असं कसं? चक्री पाळण्यात मला बाहेर ढकलल्यासारखं होतं. मी बसलेय ना.”

हा प्रश्न दीनानाथ सरांच्या तासात कधी आला नव्हता. बबनला उत्तर माहीत होतं, हातांना माहीत होतं, पण तोंडात शब्द सापडेनात. “थांब,” तो म्हणाला, “परत बघ. नीट बघ.” त्याने पुन्हा बादली उचलली.

आता एक गोष्ट त्याच्या ध्यानातून साफ गेली होती. तिसरा तास संपून दहा मिनिटं होऊन गेली होती. घंटा झाली नव्हती, कारण घंटा देणारा माणूस आठवी ब मध्ये शिकवत होता. सगळ्या शाळेत तास लांबला होता. सातवीला गणित संपेना, पाचवीला मराठी संपेना, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाळेला कळलं की वेळ आपोआप पुढे सरकत नाही, कुणीतरी ती सरकवतं.

मोठ्या बाई स्वतः जिना चढून आल्या.

बबनने सातवा फेरा घेतला, बादली वर निघाली, आणि दारात मोठ्या बाई दिसल्या.

बत्तीस वर्षं तो हेच करत आला होता. साहेब दिसला की हातातलं काम थांबवायचं, पाय जुळवायचे, मान खाली. त्याच्या डोक्याने हुकूम द्यायच्या आधी अंगाने तो पाळला. पाय जुळले. मान खाली गेली. डावा हात छातीशी आला. आणि उजव्या हातातला जोर गेला. बादली कशीबशी डोक्यावर पोचली, तिथे क्षणभर लोंबकळली, आणि सगळं पाणी त्याच्या टकलावर.

“नमस्तेऽऽ मॅऽऽडम,” वर्ग उभा राहून म्हणाला, आणि मग फुटला. असा हशा त्या इमारतीत कधी पिकला नसेल.

“मामा!” मोठ्या बाईंचा आवाज चिरकला. “काय तमाशा आहे हा? तुम्हाला उभं राहायला सांगितलं होतं! घंटा कुठे आहे? बसा रे सगळे खाली! मामा, आधी फडकं आणा. पुसा हे. कुणीतरी घसरून पडायचं.”

बबनच्या नाकावरून पाणी टपकत होतं. त्याने बादली ठेवली आणि फडकं आणायला निघाला. जिन्यापर्यंत त्याच्या कानात तेच हसू होतं. संपलं, तो मनात म्हणाला. मिळाला तो तास, आणि आपणच आपल्या डोक्यावर ओतून घेतला.

फडकं घेऊन तो परत आला, गुडघ्यांवर बसला, पुसायला लागला. मोठ्या बाई दारात कंबरेवर हात ठेवून. वर्ग चिडीचूप.

“मामा,” त्या शांततेत उन्नती बोलली, “मघाशी पडलं नव्हतं. आता का पडलं?”

“उन्नती, खाली बस,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बबनने वर पाहिलं. पोर हसत नव्हती. तिला खरंच हवं होतं.

“मी थांबलो म्हणून,” तो फरशीवरूनच म्हणाला. “मॅडमना बघून हात सैल पडला. वेग गेला. वेग असतो तोवर पाण्याला खाली पडायला सवड नसते.”

“मामा, मी पुसायला सांगितलंय.”

“पुसतोय मॅडम. हिचा पहिला प्रश्न राहिलाय.” तो उठला. ओलं, निथळणारं फडकं त्याच्या हातात होतं, आणि उत्तरही तिथेच होतं, फडक्यात. बत्तीस वर्षं फरशा पुसणाऱ्यालाच ते सापडावं. “उन्नती, इकडं बघ. थेंबांकडं बघ. बाहेर कोण ढकलतंय का, तू सांग.”

आणि त्याने फडकं एका टोकाला धरून गरकन फिरवलं.

थेंब सुटले. हातापासून दूर, छत्रीच्या काड्यांसारखे नाही गेले. फडकं ज्या दिशेला धावत होतं त्या दिशेला, तिरपे, सरळ, प्रत्येक आपापल्या वाटेने. फळ्यावर एक ओळ उठली. खिडकीवर एक. आणि एक सरळसोट ओळ मोठ्या बाईंच्या फिक्या पिवळ्या साडीवर, खांद्यापासून कंबरेपर्यंत.

“सरळ गेले!” उन्नती ओरडली. “ढकललं नाही कुणी! सुटले म्हणून सरळ गेले! म्हणजे पाळण्यात मी पण… मला सरळ जायचं असतं, आणि पाळणा…”

“पाळणा तुला वळवतो,” बबन म्हणाला. “बरोबर.”

मोठ्या बाई पदर झटकून तडक खाली गेल्या. बबनने उरलेलं पाणी पुसलं, खाली गेला आणि चौथ्या तासाची घंटा दिली.

*

दुपारी ज्ञापन निघालं. शाळेच्या कागदावर, जावक क्रमांकासह. क्लार्क शिवरामने ते टाइप केलं आणि बबनपुढे ठेवलं. दोघं एकाच वर्षी लागलेले, डबा एकत्र खाणारे.

“बस,” शिवराम हळू आवाजात म्हणाला. “नीट ऐक. त्यांनी लिहिलंय, तू परवानगीशिवाय वर्गाचा तास घेतलास, त्याचा चोवीस तासांत खुलासा दे. निवृत्तीला अडीच महिने राहिलेत. हे फाइलला लागलं तर तुझे पेन्शनचे कागद फिरत राहतील गल्लोगल्ली. तेव्हा तू लिही, की मुलं गोंधळ घालत होती, त्यांना शांत ठेवण्यासाठी मी काही करमणूक केली. तास घेतला नाही. संपलं. बाईंनाही तेच हवंय, मी त्यांचा स्वभाव ओळखतो.”

बबन कागद वाचत होता. ‘आपण दिनांक अमुक रोजी इयत्ता आठवी ब या वर्गाचा विज्ञान विषयाचा तिसरा तास घेतला.’ त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. खाली सही होती, शिक्का होता.

“करमणूक?” तो म्हणाला.

“अरे शब्द आहे रे नुसता. पोट भरतं का शब्दाने?”

“उन्नतीनं विचारलं ते करमणूक व्हती काय, शिवराम?”

“मला काय ठाऊक तिने काय विचारलं! लिही, आणि मोकळा हो.”

बबनने पेन घेतलं. स्टॉकबुकात सह्या करून करून त्याचं अक्षर लहान आणि सरळ झालं होतं. तो बराच वेळ लिहीत होता. कंप्युटरचा पंखा घरघरत होता. बाहेर पाचवीची पोरं पळत होती, आणि दुसऱ्या मजल्यावरून, डिजिटल कक्षातून, कुण्या बाईचा गुळगुळीत रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. बबनने एकदा मान उचलून तो ऐकला. त्या आवाजाला मधेच कुणी काही विचारत नव्हतं. तो पुन्हा लिहू लागला.

शिवरामने कागद घेतला आणि चष्मा लावून वाचला.

‘महोदया, ज्ञापनात लिहिलेलं खरं आहे. आठवी ब चा विज्ञानाचा तिसरा तास मी घेतला. परवानगी मागितली नव्हती, कारण मागून मिळाली नसती. घंटा द्यायची राहिली आणि आपली साडी भिजली, या दोन्हींबद्दल माफी मागतो. तास घेतल्याबद्दल मागत नाही. वर्गातील विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे धडा अर्ध्यावर राहिला आहे. पाण्याऐवजी दोरीला बांधलेला दगड घेऊन पुढचा भाग मैदानावर दाखवावा लागेल. त्यासाठी अजून एक तास मिळावा, ही विनंती.’

शिवरामने चष्मा काढला. “बबन्या, हा खुलासा आहे की अर्ज?”

“आवक नंबर टाक त्याला,” बबन म्हणाला. “आन् ह्या ज्ञापनाची एक झेरॉक्स काढून दे मला. चांगली काढ. शिक्का नीट उमटला पायजे.”